एरियाची कुंडली

आयुष्यात मी एकाच शब्दाची कुंडली मांडली, आणि त्या नादात माझ्या आत्याचा संप मोडला. आता चाळिशी वयावरही आली आहे आणि डोळ्यांवरही. ज्या ऑफिसात मी बसते तिथे गोडाऊनमधली जागा कुणाला किती द्यायची ते ठरवायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे दिवसातून पन्नास वेळा कुणी ना कुणी माझ्या टेबलाशी येऊन विचारतं, ‘मॅडम, एरिया किती मिळेल?’ मी आकडा सांगते. आकडा सांगताना दर वेळी हसू येतं ते मी फाइलीआड लपवते. माझ्या हाताखालच्या मुलींना वाटतं मॅडमचा मूड बरा आहे. मूड बराच असतो, पण हसण्याचं कारण जुनं आहे.

मी नववीत होते. आमचं गाव पूर्णा गाव ओलांडून आत, आणि शाळा भिवंडीत, मराठी माध्यमाची. शाळेच्या मागच्या गल्लीत लूमचे दोन कारखाने होते, त्यामुळे प्रत्येक तासाला खटखटीचा ठेका असायचा. नवीन शिक्षक आले की पहिले आठ दिवस ओरडून घसा बसवून घेत आणि मग त्या ठेक्यावर बोलायला शिकत. आमच्या गुप्तेबाईंना मात्र ओरडावं लागत नसे. त्या इंग्रजी शिकवायच्या आणि इतक्या हळू बोलायच्या की ऐकू यावं म्हणून अख्खा वर्ग पुढे वाकून बसे. त्यांचं घराणं भिवंडीतलंच, तीन पिढ्या शिक्षक आणि कारकून. बाईंचं वेड एकच होतं, शब्द कुठून आला ते शोधणं. ‘शब्द आकाशातून पडत नाही गं,’ त्या म्हणत. ‘त्याला गाव असतं, आईबाप असतात. तरुणपणी तो घरातून पळून जातो आणि म्हातारपणी त्याला कुणी ओळखत नाही.’ व्याकरण त्या पोर्शन संपवण्यापुरतं शिकवत. शब्दांच्या पळून जाण्याच्या गोष्टी मात्र रंगवून सांगत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकीने एक उचलायची, त्यावर एक इंग्रजी शब्द, आणि त्याची कुंडली करून आणायची. जन्मस्थळ, आईबाप, कुठे कुठे हिंडला, आज काय धंदा करतो. माझ्या शेजारच्या नसरीनला ‘मसल’ आला. तिने दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं की या शब्दाचा मूळ अर्थ छोटा उंदीर, दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यागत दिसतो म्हणून. वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि आठवडाभर सगळ्या एकमेकींच्या दंडातले उंदीर बघत होत्या. मला आला ‘एरिया’. मी चिठ्ठी वाचून दाखवली तर वर्ग हसला. एरिया हा काय इंग्रजी शब्द झाला? तो तर रिक्षावाल्यांचा शब्द. ‘कौन सा एरिया?’ असं विचारल्याशिवाय भिवंडीत एकही रिक्षा जागची हलत नसे.

मी वही केली आणि कुणीही एरिया म्हटलं की लिहून ठेवायला लागले. आठवडाभरात चार पानं भरली. शाळेच्या कोपऱ्यावर पानाच्या टपरीशी उभा असणारा एक दाढीवाला रोज कुणाला तरी सांगे, ‘अपने एरिया में नहीं चलेगा ये सब.’ म्हणजे एरिया म्हणजे जिथे आपलं चालतं ती जागा. लाइट गेली की आई वायरमनला विचारायची, ‘फक्त आमच्याच एरियात गेली का?’ म्हणजे एरिया म्हणजे जिथे आपलं काही चालत नाही ती जागा. गणिताचे सर म्हणत, लांबी गुणिले रुंदी, त्यात तुझं-माझं काही नाही. आणि आमच्या रस्त्यावर नवीन नवीन गाड्या घेऊन जमिनी बघत फिरणारे एजंट काच खाली करून विचारत, ‘एरिया कितना है?’ तेव्हा त्यांना गावाचं नाव नको असे, माणसांशी देणंघेणं नसे, नुसता आकडा हवा असे. एकच शब्द, प्रत्येकाच्या तोंडी वेगळा. मी नसरीनला म्हटलं, तुझा उंदीर बरा, एका जागी बसतो तरी.

आमच्या घरी त्या वेळी भाताची कापणी होऊन झोडणी चालली होती. आम्ही आगरी. शेती बेताची, पण रस्त्याला लागून. घराच्या आणि रस्त्याच्या मधे आमचं खळं होतं, गोल, चोपणीने चोपून शेणाने सारवलेलं, आणि त्या खळ्याची मालकीण माझी आत्या होती. मालकीण म्हणजे कागदावर नव्हे. कागदावर तिने लग्नाच्या वेळीच हक्क सोडून दिला होता, अंगठा उठवून, जसा आमच्याकडच्या सगळ्या बहिणी उठवत. लग्नानंतर चार वर्षांत ती परत आली. का आली ते घरात कुणी बोलत नसे, मीही कधी विचारलं नाही. हिराबाय तिचं नाव. ती बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी, उंच, लुगड्याचा काष्टा घट्ट, आणि नाकावर माशी बसू न देणारी. कापणी संपली की खळ्यावर तिचं राज्य सुरू होई. चपला घालून पाय ठेवायचा नाही. राशीकडे बोट करायचं नाही. आणि रास असेपर्यंत सुकटीचा वाससुद्धा खळ्यावर येता कामा नये. आमच्यासारख्या घरात, जिथे सुकटीशिवाय दिवस उजाडत नसे, तिथे बाबांना भाकरी घेऊन घराच्या मागे जाऊन बसावं लागे. थंडीत गुडघे पोटाशी घेऊन सुकटीचं कालवण ओरपणारे बाबा मला अजून दिसतात.

खळ्यावरचा सर्वांत मोठा नियम मापाचा. पायलीने रास मोजायची, पण पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. ही पुष्कळ घरांची रीत आहे. आमच्या घराची स्वतःची भर अशी, की ती लाभाची पायली घरातल्या बहिणीच्या हातानेच उचलली जायची आणि ती बहिणीचीच व्हायची. तिचा हात लागल्याशिवाय राशीला माप नाही. आणि एकदा लाभ उचलला की रास संपेपर्यंत थांबायचं नाही, बोलायचं नाही, फक्त मोजणाऱ्याने आकडा म्हणायचा. आत्या दर वर्षी लाभ उचले, बाजूला सुपात ओतून ठेवी, आणि पुढे त्या भाताचे पोहे करून घरोघरी वाटे. बाकीचं भात घराचं असे, त्यातलंच ती खाई. पण ‘माझं’ म्हणावं असं तिच्याकडे वर्षातून तेवढंच एक सूप होतं. हे मला तेव्हा कळत होतं असं मी म्हणणार नाही. मला पोहे आवडायचे, एवढंच कळत होतं.

त्या वर्षी झोडणी संपली, भात उफणून झालं, खळ्याच्या मधोमध रास उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिश्रा आला. गोडाऊन बांधणाऱ्या शेठचा इंजिनिअर. बाबांनी रस्त्याकडची जमीन गोडाऊनला भाड्याने द्यायचं तोंडी कबूल केलं होतं. आजूबाजूच्या सगळ्यांनी दिली होती, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लपवलं होतं ते एकच, की ट्रक आत वळायला जागा हवी म्हणून खळंही त्यात जाणार होतं, आणि हे बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आत्याला सोडून. तिला शेवटी सांगू, असा त्यांचा बेत. मिश्रा हातात टेप घेऊन, बूट घातलेले, सरळ खळ्याकडे निघाला, तेव्हा बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

‘चपला काड,’ आत्या म्हणाली. बूट घातलेल्यालाही ती चपलाच म्हणायची.

मिश्रा थबकला. पायांकडे बघितलं, राशीकडे बघितलं, आणि घाईघाईने वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. ‘अरे राम. ये तो खलिहान है. माफ करना माताजी, देखा नहीं.’ मग अनवाणी येऊन त्याने खळ्याच्या कडेला हात लावला आणि तो कपाळाला लावला. बाबा म्हणाले, ‘आप नापो ना, वो कुछ नहीं बोलेगी.’ मिश्राने मान हलवली. ‘नहीं भाऊ, रास पर फीता नहीं डालते. हमारे गाँव में तो बिलकुल नहीं. आप अनाज उठा लो, फिर बुलाना. एक दिन की तो बात है.’ आणि टेप आमच्याकडेच ठेवून तो गेला. पन्नास फुटांचा, पिवळा, चामड्याच्या गोल डबीतला. आईने तो टीव्हीवर ठेवला आणि वर रुमाल घातला.

एका दिवसाची गोष्ट सोळा दिवस चालली. आत्याला काय समजायचं ते समजलं होतं. ती भांडली नाही, रडली नाही, शेजारी कागाळी घेऊन गेली नाही. दुसऱ्या दिवशी बाबा पोती घेऊन आले तेव्हा ती राशीला पेंढ्याने झाकत होती. ‘पोल हाय आजून त्यात,’ म्हणाली. ‘वारा परल तवा परत उफनीन.’ पोल म्हणजे पोकळ दाणा, जो उफणला की उडून जातो. राशीत पोल औषधालाही नव्हतं हे बाबांना, आईला, मला आणि आत्याला ठाऊक होतं. तरी पण आत्या रोज सकाळी खळ्यावर जाई, चिमूटभर भात उचलून वर सोडी आणि वाऱ्याची परीक्षा घेई. एकदा वारा कमी, एकदा जास्त, एकदा खाडीकडचा दमट, एकदा दिशा चुकलेली. वाऱ्यात एवढ्या खोड्या असतात हे मला त्या पंधरवड्यात कळलं. गावातली माणसं मुद्दाम रस्त्याने जाताना विचारायची, ‘हिराबाय, आज वारा कसा हाय?’ आणि ती गंभीरपणे सांगायची, ‘न्हाय बरा.’

बाबांची पंचाईत अशी, की ते स्वतः माप घेऊ शकत नव्हते. बहिणीच्या हाताशिवाय रास मोजली असती तर कुठलाही कायदा आडवा आला नसता, पण वर्षाचं भात घरात येताना रीत मोडली हे बाबांच्याच घशाखाली उतरलं नसतं. ते नुसते चिडचिड करत. ‘बाय, कवरं दिस झालं? उंदीर खातील.’ आत्या म्हणे, ‘मी हाय ना राखन.’ शेठचे फोन यायचे. बाबांनी नवाच मोबाइल घेतला होता, तो आमच्याकडे फक्त अंगणातल्या चिंचेखाली उभं राहिलं तर बोलायचा. बाबा चिंचेखाली उभे राहून सांगायचे, ‘हो शेठ, बस, हवा का प्रॉब्लेम है.’ पलीकडे शेठ काय समजत असेल कुणास ठाऊक. आई दोन्हीकडून गप्प. पण मी पाहिलंय, घरामागे जेवताना बाबांचं लक्ष नसलं की ती आत्याच्या पानात बोंबलाचा मोठा तुकडा सरकवायची.

माझी कुंडली इकडे अडली होती. चार पानं अर्थांनी भरली, पण जन्मस्थळाचा पत्ता नाही. मी शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंच्या घरी गेले. त्यांनी आधी मला वालाचं बिरडं आणि पोळी खायला घातली, मग कपाटातून तो जाडजूड कोश काढला, कापडी अभ्रा घातलेला, उशीएवढा. भिंग घेऊन त्या बोटाने ओळ शोधत गेल्या. ‘हं. लॅटिन. स्पेलिंग हेच, एक अक्षरही बदललेलं नाही. सपाट मोकळी जागा. अंगण. आणि…’ त्यांनी भिंग जवळ नेलं. ‘थ्रेशिंग फ्लोअर. म्हणजे धान्य झोडायची, मळायची जागा. तुमच्याकडे काय गं म्हणतात त्याला?’

‘खळं,’ मी म्हटलं.

बाई खूश झाल्या आणि पुढे वाचत राहिल्या. त्याआधी कुठून आला ते कोशालाही नक्की सांगता येत नव्हतं, बहुधा कोरडं होणं, करपणं अशा अर्थाच्या धातूपासून, म्हणजे कोरडी ठणठणीत केलेली जमीन. ‘बहुधा’ या शब्दावर बाईंनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, कोशातला हा सर्वांत प्रामाणिक शब्द. मग खळ्यावरून कुठलीही मोकळी जागा, मोकळ्या जागेवरून तिचं माप, आणि माप म्हटल्यावर गणितवाले आलेच. फ्रेंच लोकांनी त्यातूनच जमीन मोजायला ‘आर’ काढला, आणि शंभर आर म्हणजे हेक्टर. मी म्हटलं, सातबाऱ्यावर असतं ते? बाई म्हणाल्या, तेच. मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

‘तुझ्या घरी खळं आहे?’

‘आहे की. सध्या त्यावर रास आहे.’

‘मग तू इथे काय करते आहेस? जन्मस्थळ घरी ठेवून कुंडली मांडायला माझ्याकडे आलीस. उद्या रविवार आहे. जा, नीट बघ, माप घे. आणि तिथलं काहीतरी सोमवारी वर्गात दाखवायला आण.’ त्यांनी कोश मिटला. ‘मी कधी पाहिलेलं नाही गं खळं,’ म्हणाल्या. तीन पिढ्या भिवंडीत राहून. मला त्या क्षणी बाईंपेक्षा मी मोठी वाटले आणि घरापर्यंत एसटीत मी उभ्याने आले तरी पाय दुखले नाहीत.

संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं की एरिया म्हणजे मुळात खळं. मला वाटलं होतं, हे ऐकून घरातलं भांडणच मिटेल. बाबा म्हणतील, असं आहे होय, मग खळं कसं देणार. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. ‘मंग त्या लोकांच्या खल्यावर पुडं गोडाऊनच झालं ना?’ मी सातबाऱ्यातल्या आरची गोष्ट सांगितली. ते उठले, ट्रंकेतून सातबारा काढून आणला, बल्बखाली धरला आणि ‘हे. आर.’ असं लिहिलेलं दोनदा वाचलं. ‘म्हंजी सरकार इतकी वर्सं आपलं खलंच मोजतंय,’ म्हणाले, आणि कागद घडी घालून परत ठेवून दिला. मग आत्याने विचारलं, ‘त्यांच्यात लाभ कोन उचलायचं?’

‘ते पुस्तकात नाही,’ मी म्हटलं.

‘मंग अर्धाच हाय तुजा बुक.’

रविवारी सकाळी आत्या गावातल्या बायांबरोबर टेम्पोने अकलोलीला निघाली. थंडी पडली की तिचे गुडघे धरायचे आणि कुंडातल्या गरम पाण्यात बसून आलं की आठ दिवस बरं वाटायचं. संपामुळे तिने दोन रविवार बुडवले होते. जाताना मला खळ्यावर बसवून गेली. ‘मी धा वाजेपरत येतंय. कोनाला हात लावू देव नको राशीला.’ मी मान डोलावली. ‘कोनाला’ यात मी येत नाही, असं मी धरून चालले. आपण स्वतःला कधी कुणी समजत नाही.

ती गेली आणि मी टीव्हीवरचा टेप आणला. राशीवरून टेप टाकायचा नाही हे मला माहीत होतं, मी काही अडाणी नव्हते. म्हणून मी खळ्याच्या कडेकडेने टेप फिरवला, दगड ठेवत, गुडघ्यांवर रांगत. परीघ अठ्ठ्याऐंशी फूट भरला. म्हणजे व्यास अठ्ठावीस, त्रिज्या चौदा, बावीस सप्तमांश गुणिले चौदा गुणिले चौदा, सहाशे सोळा चौरस फूट. उत्तर इतकं सुटसुटीत आलं की पणजोबांनी खळं आखताना नववीचं पुस्तक उघडं ठेवलं होतं की काय असं वाटलं. मग वर्गात न्यायला भात हवं होतं. डबा आणला होता, मूठभर घेतलं असतं तर काहीच झालं नसतं. पण डबा राशीत खुपसणं मला बरं दिसेना. लहानपणापासून डोक्यात बसलेलं, राशीला माप लागतं ते पायलीचं. मी पेंढा सारला, पायली घेतली, भरली, आणि ती उचलताना, देवळात शिरताना हात आपोआप जोडले जावेत तसा, माझ्या तोंडून शब्द निघाला.

‘लाभ.’

बाबा पलीकडे मशेरी लावत बसले होते. त्यांनी ऐकलं. मशेरीचं बोट तोंडातच ठेवून ते उठले. माझ्याकडे बघितलं, पायलीकडे बघितलं. मला एक धाकटा भाऊ आहे, तेव्हा सहा वर्षांचा. म्हणजे मीही घरातली बहीणच. बाबांच्या डोक्यात हे माझ्याआधी आलं. त्यांनी चूळ भरली, डोक्याला टॉवेल गुंडाळला, आणि लाभानंतर बोलायचं नाही हेही विसरून मोबाइल घेऊन चिंचेकडे जवळजवळ पळत गेले. ‘मिश्राजी, आओ, अभी आओ. हवा आ गई.’

मी पायली हातात धरून उभी राहिले. परत ओतावी तर लाभ परत ओतत नाहीत. ठेवावी तर कुठे ठेवावी. शेवटी आईने येऊन न बोलता सूप पुढे केलं आणि मी त्यात ओतली. आईने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. आत्याकडे धरून बसायला एकच गोष्ट होती आणि ती मी तिच्या हातातून काढून घेतली होती, आणि तीही ती मला राखणीला बसवून गेली असताना.

मोजायला दर वर्षी आत्याच बसे, तिच्याशिवाय पुढची पायली भरायला बाबा धजेनात. दहाला टेम्पो आला. आत्या ओले केस मोकळे सोडून, हातात ओल्या लुगड्याचं बोचकं घेऊन उतरली. चेहरा गरम पाण्याने लालसर, बरी दिसत होती. खळ्याजवळ आली, पेंढा बाजूला पडलेला बघितला, सुपातलं भात बघितलं.

‘पोरीनं लाभ उचलला,’ बाबा म्हणाले. आवाजात आनंद लपत नव्हता, आणि थोडी भीतीही. ‘आता मोजाय परल.’

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तिने बोट ओठांवर ठेवलं. लाभ उचलला की बोलायचं नाही. त्या नियमाने मला माफी मागता येईना आणि तिला शिव्या देता येईनात. तिने केस गुंडाळून वर बांधले, पायली घेतली आणि राशीपुढे बसली. पायली भरली, हाताने वरचं भात सपाट केलं, बाबांनी धरलेल्या पोत्यात ओतली. ‘दोन,’ ती म्हणाली. माझ्या अपराधानंतर तिने माझ्यादेखत उच्चारलेला हा पहिला शब्द. मग तीन, चार. भात ओतल्याचा आवाज आणि तिचा आकडा, बाकी काही नाही. एरवी ती भराभर मोजायची. त्या दिवशी प्रत्येक पायली तिने अशी सपाट केली की एक दाणा वर राहू नये. मिश्रा मधेच आला, रस्त्यावरच बूट काढले आणि खळ्याबाहेर मांडी घालून बसला. कुणीही सांगितलं नसताना तोही गप्प. मी रडत होते, पण तेही आवाज न करता.

रास संपली. आत्याने हाताने खळं झाडलं, शेवटचे दाणे गोळा करून पोत्यात टाकले, आणि पायली पालथी घातली. आता बोलायला हरकत नव्हती. शेवटी मिश्रा खाकरला. आत्या त्याच्याकडे न बघता बाबांना म्हणाली, ‘खलं कवा देलंस?’

‘देलं कुठं. तोंडी बोललोय.’

‘कोनाकोनाला?’

बाबा पोत्याचं तोंड बांधत राहिले. आई, शेठ, मिश्रा, तलाठी, चुलते, सगळ्यांची नावं घ्यावी लागली असती.

‘सोला दिस मी वारा बघतंय,’ आत्या म्हणाली. ‘येक दिस येऊन मना इचारलं आसतंस तं टेपचा येक शेव मीच धरला आसता. अंगठा देलाय मी, तो काय परत मागतंय? पन इचारशील का न्हाय?’

बाबा उठले. टॉवेल डोक्यावरून काढून खांद्यावर घेतला, कुणाच्या घरी बोलावणं करायला गेल्यावर घेतात तसा. समोर त्यांची सख्खी बहीण, पण आवाज परक्या माणसाशी बोलताना लागतो तेवढा जपून लावला. ‘चुकलं माजं. आता इचारतंय. हिराबाय, खलं गोडाऊनला देव का?’

आत्याने विचार केला. खरंच केला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, रस्त्याकडे बघत. ती हो म्हणणार याची बाबांना खात्री होती, मलाही होती. माणसाने एवढं मन मोठं करून विचारल्यावर समोरचा हो म्हणतोच.

‘न्हाय,’ आत्या म्हणाली.

आईने हसू दाबायला पदर तोंडाला लावला आणि ती घाईने घरात गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. ‘बाकीचं घे तुला कवरं पायजे तवरं. गाऱ्या वलवायला पल्याडनं जागा कर.’

बाबांनी मिश्राकडे बघितलं. मला वाटलं आता वाद होणार. पण मिश्राने खिशातून कागद आणि पेन्सिल काढली होती आणि तो गोडाऊनच्या चौकोनाचा एक कोपरा खोडरबराने पुसत होता. ‘हो जाएगा, भाऊ,’ तो म्हणाला. ‘ट्रक को थोड़ा घूमना पड़ेगा, और क्या. इतना एरिया छोड़ देता हूँ. कितना होगा?’

टेप आणायला कुणी उठण्याआधी मी नाक पुसून सांगितलं, ‘सहाशे सोळा चौरस फूट.’ तो कागदावर लिहून घेऊन गेला. तो आकडा पुढे करारातही तसाच आला. त्या गोडाऊनचे ड्रायव्हर अजून आमच्या खळ्याला वळसा घालताना आतल्या आत काहीतरी पुटपुटतात, आणि मी ते कधी नीट ऐकायचा प्रयत्न केलेला नाही. बाईंना मी सोमवारी कुंडली दिली. त्यांनी तिच्यावर ‘छान’ लिहिलं, पण वर्गात दाखवायला काही आणलंस का, या प्रश्नावर मी विसरले म्हटलं.

कारण ते भात दाखवायचं नव्हतंच. त्या दुपारी पोती घरात गेल्यावर आत्याने ते सूप उचलून माझ्यापुढे आणून ठेवलं. मी मागे सरकले. म्हटलं, आत्या, मला नको, तुझं आहे ते. ‘उचलला तिचा लाभ,’ ती म्हणाली. ‘तुजा हाय. ओटी पसर.’ मी फ्रॉकचा घेर धरला आणि तिने सगळं भात त्यात ओतलं. मला तिचा राग सोसला असता, हे सोसेना, मी हुंदके द्यायला लागले. तिने माझ्या घेरातून चार दाणे उचलले, दाताखाली चावून बघितले, पोल आहे का ते.

‘आता रडतंस कनाला,’ म्हणाली. ‘पुडल्या वर्साला मना इचारून उचल, म्हंजी झालं.’

त्यानंतर ती होती तोवर दर वर्षी मी खळ्यावर जाऊन तिला विचारलं. आणि दर वर्षी ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, रस्त्याकडे बघत, आम्हा सगळ्यांना चांगलं ताटकळत ठेवून मग हो म्हणाली.